आत्याची रुजवात

आमच्या आत्याला कागद लागतो. तिच्यापुढे मोबाइल धरा, त्यात पीडीएफ उघडा, दोन बोटांनी मोठी करून दाखवा, ती चष्मा कपाळावर चढवून तुमच्याकडेच बघणार आणि विचारणार, "ते झालं. खरी प्रत कुठाय?"

मी तिचा भाचा. एका तपासणी प्रयोगशाळेत प्रोग्रामर आहे. रक्त, थुंकी, गाठींचे तुकडे, माणसाच्या अंगातून जे काय काढता येतं ते सगळं आमच्याकडे तपासतात आणि अहवाल वेबसाइटवर येतो. पेशंटला मेसेज जातो, तो लिंकवर बोट ठेवतो, पीडीएफ त्याच्या मोबाइलमध्ये. दिवसाला सहाशे-सातशे. हे सगळं मी एकट्यानं उभं केलं, आणि घरी मला विचारतात, खरी प्रत कुठाय! गाढवाला गुळाची चव काय?

तर या आत्याच्या मानेवर, डाव्या कानाखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. मी म्हटलं, न दुखणारी गाठ वाईट, दाखवून घे. ती म्हणाली, "त्रास न देणारं काही तुला बघवतच नाही का रे?" दोन महिने असेच घालवले बाईनं. शेवटी सर्जननं गाठीचा तुकडा काढून आमच्याच प्रयोगशाळेत पाठवला. प्रश्न एकच, कॅन्सर आहे की नाही. माझ्या सातव्या वर्षी आई गेली, तेव्हापासून मला या आत्यानं वाढवलंय. लग्न केलं नाही, सगळी कटकट माझ्यासाठी राखून ठेवली. तेव्हा ते तीन दिवस मी आतून किती टरकलो होतो ते सांगत बसत नाही.

चार तारखेला मेसेज आला. आत्याच्या नावापुढे मी माझाच नंबर दिला होता. तिच्या हातात लिंक देणं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरणं. लिंक उघडली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पीडीएफ समोर. 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. साध्या सुजेची गाठ.' मी ऑफिसात सगळ्यांदेखत ओरडलो, "सुटलो!" लगेच पीडीएफ सर्जनला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "छान. सहा महिन्यांनी दाखवा." संध्याकाळी आत्याला वाचून दाखवलं, तर तिनं हुश्श म्हणावं ना? छे.

"शिक्क्याची प्रत आण," ती म्हणाली. "शाईच्या सहीची. ती फायलीला लागल्याशिवाय हे काम झालं असं मी मानत नाही."

आता ही फाइल काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आत्या बत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयाच्या नक्कल विभागात होती. मूळ दस्ताची नक्कल काढायची आणि मागणाऱ्याला द्यायची, एवढंच त्या विभागाचं काम. पण नक्कल काढली म्हणून ती दाराबाहेर जात नसे. आधी रुजवात. म्हणजे एकीनं एक कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडायची. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं. जुळलं की खाली सह्या: नक्कल करणार अमुक, रुजवात घेणार तमुक. पुढे फोटोकॉपीची यंत्रं आली, तरी हिनं रुजवात सोडली नाही. वरिष्ठ म्हणाले, बाई, यंत्र चुकत नसतं. ही म्हणाली, "यंत्रात कागद माणूसच घालतो ना?" सगळं ऑफिस हसलं म्हणे. मीही हसायचो. लहानपणी माझ्या प्रत्येक गृहपाठाची रुजवात व्हायची. बाकीची पोरं बाहेर खेळतायत आणि मी खिडकीशी बसून 'पूर्णविराम, नवा परिच्छेद' करतोय! त्याचा राग मनातून अजून गेलेला नाही.

मी तिला समजावलं, "आत्या, ही पीडीएफ म्हणजेच खरी प्रत. कागद हीच आता नक्कल झाली. जग उलटं झालंय."

"जग होऊ दे उलटं. तू सरळ कागद आण."

पालथ्या घड्यावर पाणी. आणतो म्हटलं आणि विषय संपवला.

आता आमच्या साहेबांविषयी. मालकांचा मेहुणा, यापलीकडे या माणसाची काही पात्रता मला सात वर्षांत सापडलेली नाही. त्यांना अहवालाच्या प्रत्येक पानावर बोधचिन्ह हवं, वर इमारतीचा रंगीत फोटो हवा, खाली 'विश्वासाचं दुसरं नाव' असं सोनेरी अक्षरांत हवं. मधे जागा उरली तर पेशंटला काय झालंय ते. हा सगळा थाट प्रत्येक अहवालात कोंबायचा म्हटल्यावर पीडीएफ बनायला नऊ-नऊ सेकंद लागायला लागले. मग हेच साहेब माझ्या टेबलाशी येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवणार. "नऊ सेकंद! तोवर पेशंट जायचा की!" फोटो तुमचा, सोनं तुमचं, आणि उशीर तेवढा माझा! फोटो काढून टाकू म्हटलं तर तोंड वाकडं.

शेवटी मी चार ओळी लिहिल्या. डॉक्टरांची सही झाली की लगेच पीडीएफ बनवायची आणि 'तयार' नावाच्या फोल्डरात ठेवायची. पेशंटनं मागितली की नव्यानं बनवायची नाही. त्या नंबरची फाइल फोल्डरात आहे का बघायचं, असली तर तीच उचलून द्यायची. झालं. नऊ सेकंदांचं काम निमिषावर आलं. साहेबांनी ते मालकांपुढे स्वतःच्या नावावर खपवलं आणि वरून मलाच शिकवलं, की डोकं चालवलं की असं होतं. आयत्या बिळावर नागोबा.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. अहवालात नंतर बदल झाला, तर फोल्डरातली जुनी फाइल काढून टाकायला हवी. त्या चार ओळींच्या डोक्यावर मी तशी टीपही लिहून ठेवली होती: 'सुधारित अहवालाचं नंतर बघू.' सही झालेला अहवाल कशाला बदलतोय, म्हटलं. डॉक्टर काय रोज मत बदलतात?

काउंटरवर कागदी प्रत मिळते, पण तिकडचा कारभार जुनाच. तिथल्या कागदांवर प्रयोगशाळेचं नाव-पत्ता आधीच छापलेला असतो, त्यामुळे फोटो-बिटो काही लागत नाही. काउंटरच्या बाई नोंदीतला अहवाल सरळ कागदावर छापतात, शिक्का मारतात, पाकिटात घालतात. माझं 'तयार' फोल्डर त्यांच्या वाटेत येतच नाही. त्या रांगेकडे मी कधी ढुंकूनही बघितलं नाही. तिथे उभं कोण राहतं? आत्यासारखी माणसं. मोबाइल खिशात असून कागदासाठी अर्धा तास ताटकळणारी.

त्या काउंटरवरून मी दिवसातून चार वेळा जातो. कागद मागायला एक मिनिट लागलं असतं. नाही मागितला. आत्या विचारायची, "आणलास?" मी म्हणायचो, "विसरलो गं." विसरलो कसला, मुद्दाम आणत नव्हतो. एवढी सरळ गोष्ट तिला कळत नाही म्हणजे काय, थांबू दे की जरा, असं माझं चाललं होतं.

सात तारखेला पुन्हा मेसेज आला. 'आपला अहवाल तयार आहे.' तेच शब्द, तीच लिंक. मी तो शेजारच्या टेबलांवर दाखवत फिरलो. "बघा साहेबांनी ठरवलेली मेसेजवाली कंपनी! एकच निरोप दोनदा पाठवते." सगळे हसले. तरीही लिंक उघडली, नाही असं नाही. तीच पीडीएफ, तेच वाक्य. बंद केली आणि चहाला गेलो.

मग एकदा जेवताना आत्या म्हणाली, "गाठ मोठी झालीय असं मला वाटतंय."

"तुला वाटतंय," मी म्हटलं. "अहवालात काय लिहिलंय?"

ती ताट उचलून आत गेली. हे वाक्य मी बोललो होतो, दुसऱ्या कुणी नाही.

पंचवीस तारखेला, शनिवारी, तिनं जाहीर केलं की सोमवारी ती स्वतः येऊन रांगेत उभी राहणार. एकाहत्तर वर्षांची बाई रांगेत, आणि तिचा भाचा आतल्या खोलीत पंख्याखाली. चारचौघांत शोभा झाली असती. म्हणून त्याच दुपारी काउंटरच्या बाईंना नंबर सांगितला. त्यांनी छापलं, शिक्का मारला, पाकीट स्टेपल करून दिलं. मी उघडूनही बघितलं नाही. बघायचं काय? मजकूर तोंडपाठ होता.

रविवारी जेवणं झाल्यावर आत्यानं टेबल पुसलं. लाकडी पट्टी आणली, पेन्सिलीला टोक केलं, पाकिटाची पिन नखानं सोडवली आणि कागद पुढ्यात पसरला. पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली.

"हं. मोबाइल काढ. तू तुझं ते वाच, मी इकडे बघते."

"आत्या, अगं दोन्ही एकाच संगणकातून निघालंय."

"मग पाच मिनिटांत होईल. वाच."

मी वाचायला लागलो, आणि कसं वाचलं ते ऐका. शाळेतल्या बालगीतासारखं, हेल काढून. "रुग्ण क्रमांक, अपूर्णविराम, चार शून्य सात सात एक, पूर्णविराम! वय, अपूर्णविराम, एकाहत्तर, पूर्णविराम! लिंग, स्त्री. तिरसट, हे लिहायचं राहून गेलंय."

"आगाऊपणा पुरे. पुढे वाच."

"अहवालाची तारीख, चार."

"सात," आत्या म्हणाली.

"छापल्याची तारीख असेल ती."

"छापल्याची तारीख खाली कोपऱ्यात आहे, पंचवीस. ही अहवालाची. सात."

"उगाच कीस काढू नकोस गं."

तिनं समासात पेन्सिलीनं बारीक खूण केली. "पुढे वाच."

"मथळा. ऊतक तपासणी अहवाल."

पट्टी हलली नाही. आत्यानं चष्मा नीट केला, समासात दुसरी खूण केली आणि म्हणाली, "सुधारित ऊतक तपासणी अहवाल."

बाकी कुणाला त्या एका शब्दाचा अर्थ लागला नसता, मला लागला. तो शब्द मीच लिहून ठेवला होता, चार ओळींच्या डोक्यावर. चार तारीख, सात तारीख, तो दुसरा मेसेज, सगळं एका झटक्यात डोक्यात बसलं.

"आत्या, तो कागद दे इकडे."

"रुजवात अर्धी सोडत नाहीत."

"दे म्हणतो ना!"

तिनं कागदावर पंजा ठेवला. म्हातारीचा हात, पण हलवण्याची माझी टाप नव्हती. "पुढे वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. आता हेल नव्हता. "निष्कर्ष. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. साध्या सुजेची गाठ."

आत्यानं पट्टी खाली सरकवली. आधी मनात वाचलं, ओठ हलताना दिसले. मग विभागात वाचायची तशा आवाजात, न अडखळता, मोठ्यानं वाचलं. "निष्कर्ष. खास रंगचाचणीनंतर गाठीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, आढळला आहे. तातडीने उपचार सुरू करावेत. पूर्णविराम."

पूर्णविरामसुद्धा म्हणाली ती.

तिसरी खूण करून तिनं पेन्सिल खाली ठेवली. "यातली खरी कुठली?"

"तुझ्या हातातली."

"मग ते काय आहे?" तिनं मोबाइलकडे बोट केलं.

मी सांगितलं. साहेबांचा फोटो, नऊ सेकंद, फोल्डर, सगळं सांगितलं. साहेबांचं जरा जास्तच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सात तारखेपासून त्या रविवारपर्यंत किती दिवस होतात ते तिला मोजता येत होतं, बत्तीस वर्षं तारखाच बघितल्या होत्या तिनं. मोजले असणार. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर्जनला फोन लावला. तो आधी वैतागला, रविवार आहे म्हणाला, मग मी कागद वाचून दाखवल्यावर म्हणाला, उद्या सकाळी पहिल्यांदा त्यांनाच घेऊन या. मी फोन ठेवला. आत्या पट्टी पुसत होती.

"माझीच नक्कल अशी गेलीय," तिनं विचारलं, "की आणखी कुणाची?"

मला हे सुचलंच नव्हतं, खरं सांगतो. मी तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला. अहवाल शेवटचा कधी बदलला आणि फोल्डरातली फाइल कधी बनली, एवढंच ताडून बघायचं होतं. म्हणजे रुजवातच, दुसरं काय. सव्वीस निघाले. त्यातल्या एकवीसांत वय नाहीतर पत्ता बदललेला. पाच जणांचे निष्कर्ष बदलले होते. पाचातली एक समोर बसली होती.

जुन्या फाइली काढल्या, ती राहिलेली ओळ लिहिली. चार मिनिटं लागली. दोन वर्षं 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं काम, चार मिनिटांचं.

"झालं दुरुस्त," मी म्हटलं.

"काय झालं दुरुस्त?" आत्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला. "दिलेली नक्कल हाताबाहेर गेली. तू तुझं दप्तर साफ केलंस, त्यांच्या घरात चुकीचा कागद तसाच पडलाय. ज्याला दिली त्याच्या दारात जावं लागतं, शहाण्या."

बरोबर होतं. ती पीडीएफ त्यांच्या मोबाइलमध्ये होती, त्यांच्या भावा-बहिणींच्या मोबाइलमध्ये होती, त्यांच्या डॉक्टरांकडे होती. सगळे निवांत होते, आम्ही होतो तसे.

सोमवारी सर्जननं आत्याला तपासलं आणि दुसऱ्या रुग्णालयातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे दाखवायला गाठीचा तुकडा आणि त्याच्या काचेच्या स्लाइड आमच्याकडून न्यायच्या होत्या, म्हणून तिला घेऊनच प्रयोगशाळेत आलो. माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं आणि आधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गाठींचे अहवाल त्याच बघतात, सही त्यांचीच. मी सांगत गेलो तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सात तारखेला मी तुमच्या सर्जनला फोन लावला होता, लागला नाही," त्या म्हणाल्या. "मग नोंदीत बघितलं, मेसेज गेला आणि पेशंटनं उघडला, असं होतं. उघडला म्हणजे कळलं, असं मी धरलं. कुणी उघडला होता?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी मान खाली गेली.

तेवढ्यात साहेब आले. कुणीतरी कानाला लागलं असणार. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "बाहेर कुणाला माहितीय का?"

"अजून नाही."

"मग झालं तर! फाइली काढल्यास ना? पुन्हा लिंक उघडली की नवा अहवाल दिसेल. विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"लिंक पुन्हा कोण उघडणार, साहेब? त्यांचा अहवाल चांगला आलाय."

"मेसेज टाकू की. 'तांत्रिक सुधारणा झाली आहे, अहवाल पुन्हा उघडावा.'"

"तसा दुसरा मेसेज मला आला होता. मी हसलो त्याला. ऑफिसभर फिरवून दाखवला."

"हे बघ," साहेबांनी आवाज खाली आणला, "फोनबिन करायचे नाहीत. एकाला कळलं की गावभर होईल. तू फोन उचललास तर उद्यापासून यायचं नाही."

या माणसाची मला सात वर्षं किळस आली, पण त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा वेगळं काय बोलतोय? यंत्र चुकत नसतं, असं मानणारा मी. रांगेतल्या लोकांना हसणारा मी. कागद एका मिनिटावर असताना म्हातारीला थांबू दे म्हणणारा मी. साहेब निदान मूर्ख तरी आहेत. मला सगळं कळत होतं आणि तरी मी ती टीप लिहिली. तिच्याखाली साहेबांची सही नव्हती.

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं. "आज चार फोन आहेत."

डॉक्टरीणबाई उठल्या. "आजाराचं मी सांगते त्यांना, तो माझा भाग. मी पलीकडच्या खोलीत बसते, फोन माझ्याकडे द्या. पण आधी, आम्ही दिलेला कागद चुकीचा आहे, एवढं तुम्ही सांगायचं. ते मी तुमच्या वतीनं सांगणार नाही." साहेबांकडे त्यांनी बघितलंही नाही.

खोलीत आलो. आत्या तशीच बसली होती, मांडीवर तिची फाइल, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. मी एका कोऱ्या कागदावर चार रुग्ण क्रमांक लिहिले, पुढे फोन नंबर. नावं लिहिली नाहीत. खाली काय बोलायचं ते लिहून काढलं, कारण बोलताना मी शेपूट घालणार हे मला माहीत होतं. तीन वेळा खोडलं. पहिल्यांदा लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे.' आत्यानं बोट ठेवलं.

"ही कोण बाई?"

"कोण?"

"तांत्रिक अडचण. ही तुमच्या विभागात कुठे बसते?"

मी ते खोडलं. 'माझ्या चुकीमुळे' असं लिहिलं. तिनं कागद आपल्याकडे ओढला, अगदी खाली दोन ओळी मारल्या. एकीपुढे लिहिलं 'नक्कल करणार' आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. मी सही केली. दुसरीपुढे 'रुजवात घेणार' लिहून तिनं स्वतः सही केली, आडवी, ठसठशीत, कार्यालयात करायची तशी.

पहिला नंबर फिरवला. रिंग वाजत होती तोवर, कुणी उचलूच नये असं वाटत होतं. उचलला. तरुण बाईचा आवाज, मागे भांड्यांचा खडखडाट आणि कुणाचं तरी हसणं.

मी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं.

"अय्या, तुम्ही! अहो, बाबांचा रिपोर्ट आला ना, चांगला आला! आम्ही सगळ्यांना पाठवला. बाबा, अहो बाबा, तपासणीवाल्यांचा फोन आहे! त्यांना तुम्हालाच धन्यवाद द्यायचेत, थांबा हं, देते त्यांना—"

"नको," मी म्हटलं. "तुम्हीच ऐका."

"बोला ना."

कागद समोर होता. अक्षरं माझीच होती. तिकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"हॅलो?" ती म्हणाली. "बोला ना. काय झालं?"

टेबलाच्या पलीकडून आत्या पुढे वाकली. तिनं पट्टी माझ्या पहिल्या ओळीखाली ठेवली आणि ओळीवर बोट टेकवलं.

"पुढे वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.